"बी.एड. म्हणजे नुसता कागद": एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

बी.एड.च्या प्रवेशाचा हंगाम आला की ठाणे आणि नवी मुंबईतल्या पदवीधरांच्या, पालकांच्या आणि शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. त्यातला मजकूर थोडक्यात असा आहे: बी.एड. म्हणजे दोन वर्षांची नासाडी. ज्याला विषय येतो त्याला शिकवता येतेच, क्लासमधल्या नावाजलेल्या सरांकडे कुठे बी.एड. असते, इंटर्नशिप म्हणजे शाळांनी करून घेतलेली वेठबिगार, टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, झाली की काम झाले आणि मग पहिलीपासून दहावीपर्यंत कुठेही शिकवता येते, खासगी शाळा तर पात्रता विचारतही नाहीत. शेवटच्या ओळीत "हजेरीशिवाय घरबसल्या बी.एड." असे आश्वासन आणि त्याखाली एक मोबाइल क्रमांक असतो.

सुरुवात या शेवटच्या ओळीपासून करणे बरे, कारण वरचा सगळा मजकूर तिच्यासाठीच लिहिलेला आहे. जी पदवी निरुपयोगी असल्याचे सहा ओळींत पटवून दिले, तीच सातव्या ओळीत विकायला काढणाऱ्याचा हेतू वेगळा सांगायला नको.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीटीईच्या, २०१४ च्या नियमावलीने एक वर्षाचे बी.एड. दोन वर्षांचे केले. त्या नियमावलीनुसार वर्षाला किमान २०० कामाचे दिवस भरावे लागतात, महाविद्यालयातल्या कामाला ८० टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी लागते. मुक्त विद्यापीठांमार्फत दूरशिक्षणाने बी.एड. करण्याची सोय आहे, हे खरे. पण ती सेवेत असलेल्या प्रशिक्षित शिक्षकांसाठी किंवा आधी प्रत्यक्ष वर्गात बसून शिक्षक प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांसाठी आहे, नुकत्याच बी.कॉम. झालेल्या कोणासाठीही नाही. तेव्हा "हजेरीशिवाय" या शब्दाचा अर्थ एकच उरतो: हजेरीपटावर खोट्या सह्या. त्या सह्या ज्याच्या नावापुढे होतात त्याचीच पदवी पुढे पणाला लागते, मोबाइल क्रमांक देणाऱ्याची नव्हे. २०१९-२० च्या टीईटीत गुण वाढवून पात्र ठरलेल्या हजारो उमेदवारांची संपादणूक, म्हणजे परीक्षेचा निकाल, राज्य परीक्षा परिषदेने नंतर रद्द केली, हे महाराष्ट्रात सर्वांनी पाहिले आहे. कागद मिळाला म्हणजे तो टिकलाच, असे समजण्याचे दिवस राहिलेले नाहीत.

दोन वर्षे उगाच लांबवलेली आहेत, ही तक्रार मात्र संदेश लिहिणाऱ्यापुरती मर्यादित नाही, म्हणून तिची पार्श्वभूमी सांगायला हवी. महाराष्ट्रातल्या डी.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेच्या, महाविद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्यातून न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. २०१२ मध्ये आलेल्या त्याच्या अहवालात प्रशिक्षणाचा कालावधी वाढवण्याची शिफारस होती. म्हणजे हा वाढीव काळ आपल्याच राज्यातल्या पावसाळी छत्र्यांसारख्या उगवलेल्या महाविद्यालयांच्या अनुभवातून आलेला आहे. तो काळ काही ठिकाणी वाया जातो, हे मलाही मान्य आहे. पण एखाद्या महाविद्यालयाने वर्षे वाया घालवली तर दोष त्या महाविद्यालयाचा धरावा. संदेश तो दोष अभ्यासक्रमावर टाकतो आणि मग तेच वाया घालवणे सवलतीच्या दरात देऊ करतो.

टीईटीबद्दलचा दावा थोडक्यात निकालात काढता येतो. शिक्षण हक्क कायद्याखाली एनसीटीईने २३ ऑगस्ट २०१० रोजी काढलेल्या अधिसूचनेने पहिली ते आठवीच्या शिक्षकांना टीईटी बंधनकारक झाली. ती व्यावसायिक पात्रतेच्या जोडीला आहे, तिच्याऐवजी नाही. शिवाय महाराष्ट्रात टीईटीच्या गुणांवर कोणाची निवड होत नाही. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरची गुणवत्ता यादी लागते ती शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीच्या, म्हणजे टेटच्या, २०० पैकी गुणांवर. दोन नावे कानाला सारखी लागतात आणि क्लासवाले त्या गोंधळाचा फायदा घेतात. सप्टेंबर २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होण्यास सांगितले, आणि त्यातला मुख्य खटला महाराष्ट्रातूनच गेलेला होता. टीईटी महत्त्वाची आहे यात शंका नाही, पण ती एकटी कोणाला शिक्षक करत नाही.

"पहिलीपासून दहावीपर्यंत कुठेही शिकवता येते" हे विधान बी.एड.धारकांपुरते एके काळी अर्धे खरे होते. जून २०१८ च्या अधिसूचनेने बी.एड.धारकांना, नेमणुकीनंतर सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम करण्याच्या अटीवर, पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवले होते. ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द ठरवली. लहान मुलांना अक्षरओळख आणि संख्याज्ञान देणे हे वेगळे कौशल्य आहे आणि त्याचे प्रशिक्षण डी.एल.एड.मध्ये, म्हणजे प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेत, मिळते, असा त्यामागचा विचार आहे. ज्यांना प्राथमिकच शिकवायचे आहे त्यांनी हा संदेश वाचून बी.एड.ला प्रवेश घेतला, तर ती दोन वर्षे खरोखर चुकीच्या वाटेवर जातील.

आता मुख्य मुद्दा. विषय येतो म्हणजे शिकवता येते, हे विधान इतके सर्वमान्य आहे की त्याची तपासणी करण्याची गरज कोणाला वाटत नाही. मी कळवा परिसरातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते आणि दरवर्षी आमच्याकडे छात्राध्यापक, म्हणजे इंटर्नशिपसाठी आलेले बी.एड.चे विद्यार्थी, येतात. त्यांतल्या एक जण एम.एस्सी. होत्या, विषयावर पकड उत्तम. सहावीत अपूर्णांकांची बेरीज घेताना त्यांनी लसावि काढण्याची रीत फळ्यावर निर्दोष मांडली, आणि तरीही अनेक वह्यांमध्ये एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश यांचे उत्तर दोन पंचमांश असेच राहिले. त्यांनी रीत पुन्हा सांगितली, या वेळी थोड्या चढ्या आवाजात. उत्तर तेच. पाठानंतरच्या चर्चेत आम्ही रीतीबद्दल बोललोच नाही. मुले अंश आणि छेद या दोन सुट्या पूर्ण संख्या समजून वरच्या वरच्याशी आणि खालच्या खालच्याशी मिळवत आहेत, एवढेच त्यांच्या लक्षात आणून दिले. पुढच्या पाठात त्यांनी खडू हातात घेण्याआधी विचारले, "दोन पंचमांश हे अर्ध्यापेक्षा मोठे की लहान?" वर्ग गोंधळला, मग आपसांत भांडू लागला, आणि अर्ध्यात काहीतरी मिळवल्यावर उत्तर अर्ध्याहून कमी कसे येईल, हा प्रश्न मुलांनीच एकमेकांना घातला. लसाविची रीत त्यानंतर आली, तेव्हा ती कशासाठी आहे हे मुलांना ठाऊक होते.

या छात्राध्यापिकांच्या गणितात काहीच कमी नव्हते. विषय शिकताना मुले नेमकी कुठे अडतात आणि का अडतात, याचे ज्ञान विषयाच्या ज्ञानाहून वेगळे असते. अमेरिकी अभ्यासक ली शुलमन यांनी १९८६ मध्ये त्याची स्वतंत्र प्रकार म्हणून मांडणी केली आणि बी.एड.मधला आशययुक्त अध्यापन पद्धतीचा भाग त्याच विचाराच्या जवळचा आहे. हे ज्ञान पुस्तकातून थोडे मिळते, बरेचसे मुलांच्या वह्यांतून मिळते, आणि ते वह्यांत कसे शोधायचे हे कोणीतरी शेजारी बसून दाखवावे लागते. वर्षानुवर्षे शिकवून ते आपोआप येते, असे काही ज्येष्ठ शिक्षक म्हणतात. येतही असेल, पण तोवर ज्या तुकड्या पुढे गेल्या त्यांच्या अपूर्णांकांचे काय झाले, हे कोणी विचारत नाही.

क्लासमधल्या सरांचे उदाहरण इथेच तपासावे. क्लासमध्ये येणारा विद्यार्थी शाळेतून शिकून आलेला असतो, त्याच्या पालकांनी फी भरलेली असते, आणि जमले नाही तर तो क्लास बदलतो. शाळेला अशी निवड नसते. शिक्षण हक्क कायद्याने वयानुरूप प्रवेश दिलेला आहे, त्यामुळे तुर्भ्याच्या खाणपट्ट्यातून आलेले, कधीच शाळेत न गेलेले अकरा वर्षांचे मूल थेट वयाप्रमाणे वर्गात बसते. त्याच बाकावर घरी आगरी बोलणारी घणसोलीची मुलगी असते, पलीकडे घरी भोजपुरी बोलणारा दिघ्याचा मुलगा असतो, आणि पाठ्यपुस्तक तिघांनाही एकच असते. त्यातल्या एखाद्याला अध्ययन अक्षमता असेल, तर ती ओळखायची कोणी? सर्व विषयांच्या अध्यापनातली भाषा, समावेशक शाळा, मूल्यमापन अशा अभ्यासपत्रिका बी.एड.मध्ये आहेत त्या याच कारणासाठी. त्या कंटाळवाण्या पद्धतीने शिकवल्या जातात ही तक्रार मी समजू शकते, कारण समावेशक शिक्षणावरचे व्याख्यान झेरॉक्सच्या नोट्समधून वाचून दाखवण्याइतकी विसंगत गोष्ट दुसरी नसेल.

इंटर्नशिपला वेठबिगार म्हणणाऱ्यांशी मी अंशतः सहमत आहे. नियमावलीत दोन वर्षांत मिळून वीस आठवडे शाळेत घालवायचे असतात, आणि काही शाळा त्या वीस आठवड्यांत छात्राध्यापकांकडून ऑफ तास सांभाळून घेणे, निकालपत्रके भरणे आणि स्नेहसंमेलनाची सजावट करणे यापलीकडे काही करून घेत नाहीत. हे चूक आहे आणि महाविद्यालयांनी ते चालवून घेऊ नये. परंतु नीट चाललेली इंटर्नशिप काय असते हे संदेशात कुठेच नाही. आधी अनुभवी शिक्षकांच्या तासांचे निरीक्षण करायचे, महाविद्यालयात सूक्ष्म अध्यापनात एकेक कौशल्य सहकाऱ्यांसमोर तपासलेले असते ते खऱ्या वर्गात आणायचे, पाठटाचण लिहायचे, ते तपासून घ्यायचे, पाठ द्यायचा आणि मग मागच्या बाकावर बसलेल्या निरीक्षकाचे बोलणे ऐकून घ्यायचे. घटक चाचणीची ब्लूप्रिंट, म्हणजे आराखडा, तयार करून प्रश्नपत्रिका काढायची, तपासायची आणि कोणता प्रश्न बहुतेकांचा चुकला याचा विचार करायचा. एकदा नोकरी लागली की तुमच्या वर्गात मागे बसून तासभर फक्त तुमचे शिकवणे पाहणारा माणूस पुन्हा क्वचितच भेटतो. अधिकारी येतात ते दप्तर तपासायला. हजेरीशिवायच्या पदवीत नेमकी हीच गोष्ट वगळलेली असते, आणि पैसे मात्र पूर्ण पदवीचे घेतलेले असतात.

खासगी शाळा पात्रता विचारत नाहीत, हे निरीक्षण काही शाळांबाबत खरे आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. सीबीएसईच्या संलग्नतेला एनसीटीईने ठरवलेली पात्रता असलेले शिक्षक लागतात. राज्यातल्या खासगी शाळांना कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली लागू आहे, आणि त्या नियमावलीच्या अनुसूची 'ब'मध्ये शिक्षकांची पात्रता लिहिलेली आहे. त्या कायद्याचे संरक्षण, म्हणजे परिवीक्षा (प्रोबेशन) पूर्ण झाल्यावर कायम होण्याचा हक्क, विहित पात्रता असलेल्यालाच मिळतो. एखादी शाळा अपात्र व्यक्तीला आनंदाने ठेवून घेते, त्यामागचे गणित तिला चांगले ठाऊक असते: या व्यक्तीला जूनमध्ये नेमता येते, एप्रिलमध्ये काढता येते, आणि वेतनश्रेणीचा प्रश्न ती कधी उपस्थित करू शकत नाही. "आम्ही बी.एड. मागत नाही" हे वाक्य मुलाखतीत ऐकून ज्यांना बरे वाटते, त्यांनी त्याच शाळेत दहा वर्षे तात्पुरत्या नेमणुकीवर असलेल्या सहकाऱ्यांना भेटावे.

संदेशात नसलेला, पण त्यामागे असलेला एक मुद्दा राहतो: नोकऱ्याच कुठे आहेत? या प्रश्नाला माझ्याकडे दिलासा देणारे उत्तर नाही. टेट २०१७ मध्ये झाली, मग थेट २०२३ मध्ये, नंतर २०२५ मध्ये. निवड झाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढायची, आणि २०२३ मध्ये वाढ होऊनही ते मानधन प्राथमिक आणि उच्च प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार रुपये आहे. ऐरोलीत वा कोपरखैरण्यात भाड्याने राहणाऱ्या माणसाला हे कसे पुरावे? हा राग योग्य आहे, पण तो शासनाच्या भरतीवर आणि मानधनावर आहे. प्रशिक्षण चुकवल्याने भरती लवकर होत नाही.

ज्यांना प्रवेश घ्यायचा आहे त्यांनी राज्याच्या सीईटी (प्रवेश परीक्षा) कक्षाच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतूनच घ्यावा, आणि पसंतीक्रम भरण्यापूर्वी महाविद्यालयाला एनसीटीईची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता आहे का हे पाहावे. ते घरी बसून पाहता येते. इंटर्नशिपसाठी कोणत्या शाळांत पाठवतात, पाठाचे निरीक्षण पूर्ण तासभर होते की सहीपुरते, आणि पाठानंतर चर्चा कोण करतो, हे मात्र महाविद्यालयात जाऊन दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाच विचारावे लागेल.