बॉडी की लेन्स?

माझ्या वाघाच्या फोटोंत वाघ आहे, हे मला बोट ठेवून दाखवावं लागतं. ताडोब्यात मोहर्ली गेटातून संध्याकाळच्या फेरीला गेलो होतो, तेव्हाचा एक फोटो मोठा करून हॉलमध्ये लावला. मामा आले, चष्मा सारखा करून म्हणाले, "वा! बिबट्या!" अंधार पडताना आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, ६४००वर नेली होती; एवढी चढवली की फोटोत दाणे येतात. पट्टे गेले, ठिपके उरले.

आता ठिपके घालवायला नवी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, घ्यावी, की वाघ जवळ आणायला लेन्स? जेवताना मी जाहीर केलं, "बॉडी बदलायची म्हणतो." बायकोनं माझ्या पोटाकडे पाहिलं. "बदला ना. उद्यापासून फुटाळा तलावावर चालायला जा."

मित्राचं मत ठाम. "लेन्सच घे बे! बॉडी दोन वर्षांत जुनी होते, लेन्स नातू वापरते." हा स्वतः चौथ्या बॉडीवर आहे. सीताबर्डीतला दुकानदार म्हणाला, "भाऊ, मोठ्या सेन्सरची फुलफ्रेम बॉडी घ्या. अंधारातला वाघबी चकाचक."

रात्री कागद घेऊन बसलो. माझी ७०-३०० मिमीची लेन्स माझ्या कॅमेऱ्याच्या लहान, म्हणजे क्रॉप सेन्सरवर दीडपट, म्हणजे ४५०सारखी चालते. फुलफ्रेम घेतली की ती सवलत गेली; ठिपके जातील आणि वाघही परत पळसामागे जाईल. बरं, लेन्स म्हणावी तर माझी ३००वर एफ ६.३ला येऊन बसते (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं). एफ २.८वाली पाचपट उजेड घेते. किंमत बघितली आणि कागद उलटा ठेवला. शिवाय मे महिन्यात, पारा ४५ला टेकलेला असताना, पाणवठ्यापलीकडची हवा अशी थरथरते की कितीही महागड्या लेन्समधून वाघ वितळल्यासारखाच येतो. हे दुकानात कोणी सांगत नाही.

तरी लेन्सच घ्यायची ठरवली. पैसे जमवले. कॅमेरा टेकवायची बीनबॅग म्हणून जुन्या अभ्र्यात तांदूळ भरून ठेवले. (त्यातला अर्धा किलो नंतर खिचडीत गेला, असा माझा संशय आहे.)

तेवढ्यात आईचा मोतीबिंदू पिकला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तक्ता पुढे केला: एकाच अंतराची लेन्स, अनेक अंतरांची लेन्स, देशी, विदेशी. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या भाषेत बोलत होतं. मी विचारलं, "म्हणजे प्राइम आणि झूम?" डॉक्टरांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "त्याच्याकडे लक्ष देऊ नका. दोन्ही डोळ्यांचं सांगा."

दोन्ही डोळ्यांचं झालं. मित्राचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं: बॉडी चौऱ्याहत्तर वर्षांची तीच, लेन्स तेवढी नवी.

परवा सकाळी आई गॅलरीत चहा घेत होती. "अरे, समोरच्या कडुलिंबावर तांबट आहे. कपाळावर लाल टिळा दिसून राहिला बघ." मी कॅमेरा आणला, ३००पर्यंत ताणला. हिरव्या पानांत हिरवा पक्षी. आई एकेक फांदी सांगत गेली, मी बटण दाबत गेलो. मग स्क्रीन तिच्यापुढे धरली.

तिनं बराच वेळ पाहिलं.

"पान छान आलंय," ती म्हणाली.