म्हणे, अपंग निर्वासितांची कॅनडात चंगळ!

काल सकाळी साडेसहाला कर्वेनगरच्या काकांनी फॅमिली ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या गुलाबापाठोपाठ तो फॉरवर्ड टाकला, तुमच्याकडेही आलाच असेल. कॅनडा अपंग निर्वासितांना आधी घेतो, तिकीट फुकट, टीव्ही-फोन फुकट, आणि मुक्याबहिऱ्यांना तर भाषेचीही कटकट नाही कारण हातवारे जगभर सारखेच! सोडून दिलं असतं, पण त्याच ग्रुपवर माझा आतेभाऊ आहे, त्याला जन्मापासून ऐकू येत नाही, आणि त्याने मला वेगळा मेसेज केला, "काकांना कुणी काही बोलणारे का?"

तर आधी ते हातवारे. अहो काका, अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे इंग्रजीच, तरी तिथल्या बहिऱ्यांच्या साइन लँग्वेज इतक्या वेगळ्या की एकाचं दुसऱ्याला कळत नाही, साधी एबीसीडी एकीकडे एका हाताने दाखवतात, दुसरीकडे दोन हातांनी. मग सीरियातून टोरंटोत उतरलेल्या बहिऱ्या माणसाला काय कळणार? तिकडची साइन लँग्वेज पहिल्यापासून शिका, वर इंग्रजी वाचायला-लिहायला शिका, आणि ऑफिसात अरबी बोलणारा दुभाषी आणून बसवला तर त्याचा उपयोग शून्य, कारण ह्याला ऐकूच येत नाही! लढाईत शाळा सुटलेल्या पोरांना तर कधीकधी कुठलीच साइन लँग्वेज येत नसते, घरात आईशी बोलायच्या खुणा तेवढ्या. आमचा दादा, म्हणजे हाच आतेभाऊ, पुण्यातच शिकला-वाढला, तरी बँकेत आजही चिठ्ठीवर लिहून दाखवतो. हे स्वतःच्या गावात.

'अपंगांना पहिला नंबर' हे पण खोटं. सरकार ज्यांना नेतं त्यांच्यापैकी कुणाचं नाव पुढे पाठवायचं ते बहुतेक वेळा यूएनएचसीआर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांची संस्था, ठरवते, आणि त्यांच्या 2011 च्या हँडबुकात सरळ लिहिलंय की माणूस अपंगत्वासकट नीट जगत असेल तर वैद्यकीय गरज म्हणून त्याला साधारणपणे धरायचं नाही. मुळात जगातल्या निर्वासितांपैकी वर्षाला 1 टक्कासुद्धा लोकांना असं दुसऱ्या देशात नेत नाहीत, कसला नंबर घेऊन बसलात.

तिकीट? ते बहुतेकांना कर्जाने मिळतं, तिकडे गेल्यावर हप्त्याने फेडायचं.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य. नोकरीच्या वाटेने पीआर, म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना, मागणाऱ्याच्या मुलाच्या उपचारांचा खर्च जास्त होईल असं वाटलं तर कॅनडा अख्ख्या कुटुंबाला नाही म्हणू शकतो, निर्वासितांना ती अट नाही. 2018 मध्ये खर्चाची मर्यादा तिप्पट केली, स्पेशल शिक्षणाचा खर्च धरणं बंद केलं, पण अट अजून आहेच. आपल्याकडच्या एखाद्या आईबापाला ह्याचा राग आला तर मला समजतं. पण मग त्या अटीवर चिडा ना, ज्याचं घर बाँबने गेलं त्या व्हीलचेअरवरच्या माणसाने तुमचं काय घेतलंय?

टीव्ही-फोनचं टायपायला वेळ नाही, सात वाजता हिंजवडीची बस आहे. आणि काका, दादाला सॉरी ग्रुपवरच म्हणा, पर्सनलला नको.