के. सी. जोन्स यांची विजेतेपदे कोणाच्या जिवावर?

बोस्टन सेल्टिक्स या अमेरिकी बास्केटबॉल संघाचे खेळाडू आणि नंतरचे प्रशिक्षक के. सी. जोन्स यांच्याविषयी एक विधान वारंवार पसरवले जाते: सामन्यामागे जेमतेम ७.४ गुण करणाऱ्या या खेळाडूला संघसहकारी बिल रसेल यांच्या जिवावर आठ विजेतेपदे मिळाली, प्रशिक्षक झाल्यावर संघातील लॅरी बर्ड यांच्या जिवावर आणखी दोन, आणि डाव तर त्यांचे सहायकच आखत असत.

गुणांची सरासरी खरी आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. जोन्स १९६७ मध्ये निवृत्त झाले आणि हिसकावलेल्या चेंडूंची अधिकृत नोंद एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगने १९७३-७४ च्या हंगामापासून ठेवायला सुरुवात केली. ज्या कामासाठी त्यांना मैदानात उतरवले जाई, त्याचा रकानाच तेव्हा नव्हता. ते काम काय होते, हे १९५५ च्या एनसीएए या महाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दिसते. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या प्रशिक्षकांनी सहा फूट एक इंच उंचीच्या जोन्स यांना ला साल संघाच्या सहा फूट सहा इंच उंचीच्या टॉम गोला यांच्यावर नेमले, आणि त्यामुळे त्याच संघातील रसेल यांना बास्केटजवळ पाय रोवून उभे राहता आले. गोला १६ गुणांवर अडकले, जोन्स यांनी स्वतः २४ गुण केले आणि सामना ७७-६३ असा जिंकला गेला.

रसेल यांनी जोन्स यांच्याशिवायही तीन विजेतेपदे मिळवली, हे मान्यच आहे. परंतु सेल्टिक्सचे बॉब कूझी १९६३ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांची जागा जोन्स यांनी घेतली आणि सेल्टिक्सने पुढची सलग तीन वर्षे विजेतेपद राखले, हेही त्याच हिशेबात धरले पाहिजे.

सहायकांविषयीचा आक्षेप मला सर्वांत अन्यायकारक वाटतो. १९७५ च्या अंतिम फेरीत टाइमआउटच्या वेळी सहायक बर्नी बिकरस्टाफ डाव मांडत असल्याचे दृश्य दूरचित्रवाणीवर दिसले आणि जोन्स यांना काही कळत नाही, असा समज पक्का झाला. त्याच हंगामात जोन्स प्रशिक्षक असलेल्या वॉशिंग्टन बुलेट्सने ६० सामने जिंकले होते आणि तेव्हाच्या विजेत्या सेल्टिक्सलाच हरवून अंतिम फेरी गाठली होती. त्या संघात ना रसेल होते, ना बर्ड. तरीही १९७६ मध्ये त्यांना काढून टाकण्यात आले आणि एनबीएमध्ये पुन्हा मुख्य प्रशिक्षक होण्यासाठी १९८३ पर्यंत थांबावे लागले.

राहिला प्रश्न बर्ड यांचा. बर्ड, मॅकहेल आणि पॅरिश हे तिघेही संघात असताना १९८३ मध्ये मिलवॉकीने सेल्टिक्सला ४-० असे घरी पाठवले होते. पुढच्या हंगामात जोन्स प्रशिक्षक झाले आणि डेनिस जॉन्सन हा कसलेला बचावपटू संघात आला. श्रेय त्यालाही द्यायलाच हवे. पण त्याला कोणावर सोडायचे, हा निर्णय जोन्स यांचा होता. १९८४ च्या अंतिम मालिकेत तिसरा सामना १३७-१०४ असा गमावल्यावर त्यांनी चौथ्या सामन्यात डेनिसला प्रतिस्पर्धी लॉस एंजेलिस लेकर्सच्या मॅजिक जॉन्सन यांच्यावर नेमले. सेल्टिक्सने तो सामना जादा वेळेत जिंकला आणि नंतर मालिकाही ४-३ अशी खिशात घातली.