माशांच्या टाकीपेक्षा मला तिच्या बादलीची भीती वाटते

परवा आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर एक फोटो आला. चौथ्या मजल्यावर नवी तीन फुटी फिशटँक आली आहे. निळा दिवा, आत गोल्डफिश, झाकणावर ऐसपैस पसरलेला त्यांचा बोका आणि समोर काचेला नाक चिकटवून उभं असलेलं दीड वर्षाचं बाळ. फोटोखाली बदामांची रांग. 'किती गोड!', 'दृष्ट काढा गं', 'बोक्याची आज पार्टी'.

मीही बदाम टाकणार होते. पण मला एक खोड आहे, फोटोतली माणसं बघायच्या आधी मी कोपरे बघते. टाकीच्या बरोब्बर खाली, लादीवर, पांढरा एक्स्टेंशन बोर्ड पडलेला. चारही पिना भरलेल्या. टाकीतून निघालेल्या वायरी सरळ त्यात उतरलेल्या. आणि स्टँडच्या बाजूला निळी बादली, काठोकाठ भरलेली.

ग्रुपवर लिहिलं असतं तर 'आल्या मास्तरीणबाई' झालं असतं. म्हणून त्या मुलीला सरळ फोन लावला. ती म्हणाली, "काकू, आम्ही असतो ना घरात, लक्ष असतं आमचं."

हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय, आणि एके काळी स्वतः इतक्यांदा म्हटलंय, की आज त्यावर लिहायलाच बसले.

आमच्या घरात मासे दोन प्रकारचे. एक कढईतले, दुसरे पेटीतले. दुसऱ्यांवर खर्च जास्त. नवऱ्याला हा नाद लग्नाआधीपासून. परळच्या चाळीतल्या खोलीत जिथे माणसांना पाठ टेकायला जागा नव्हती, तिथे दोन फुटी पेटी होती. रविवारी क्रॉफर्ड मार्केटला गेला की भाजीची पिशवी रिकामी आणि हातात पाण्याची फुगलेली पिशवी, हे ठरलेलं. त्यामुळे मी माशांच्या विरोधात आहे असं कोणी समजू नका. मला राग आहे तो 'लक्ष ठेवू' या भरवशाचा. मुंबईतल्या घरात लक्ष ठेवतं कोण? सकाळी पाणी भरायचं, डबे करायचे, आठ-बाराची गाठायची. दाराची बेल, गॅसवर दूध, फोनवर सासूबाई. लक्ष ही वस्तू आपल्याकडे शिल्लकच नसते. जे शिल्लक नाही त्याच्या भरवशावर पोर आणि दोनशे किलोची वस्तू एका खोलीत ठेवायची, म्हणजे कमाल आहे.

दोनशे किलो उगाच म्हटलं नाही. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत साधारण दीडशे लिटर पाणी मावतं. एक लिटर म्हणजे एक किलो. वर काच, खडी, दगड, स्टँड. टीव्हीच्या शोकेसवर किंवा जुन्या चपलांच्या कपाटावर हे ओझं ठेवणारे लोक मी पाहिले आहेत.

लोक विचारतात, टाकी फुटली तर? बर्लिनच्या एका हॉटेलातलं प्रचंड मत्स्यालय १६ डिसेंबर २०२२ ला फुटलं, तेव्हा सगळ्यांनी मला ती बातमी पाठवली होती. दहा लाख लिटर पाणी, दीडेक हजार मासे. पहाटेची वेळ होती म्हणून माणसं वाचली. भीती वाटणारच. पण घरातली नीट बांधलेली, सपाट स्टँडवर खाली थर्माकोल घालून ठेवलेली टाकी सहसा अशी फुटत नाही. सिलिकॉनचा जोड सुटायला लागला की आधी पाझरते, कोपरा ओला दिसतो, फडका ठेवायची वेळ येते. (फडका ठेवून दिवस काढू नका. टाकी रिकामी करा.) माझ्या मते खरा धोका काचेच्या आत नाहीच, आजूबाजूला मांडलेल्या पसाऱ्यात आहे.

बादलीचं सांगते.

१९९९ साल. मुलगा तेरा महिन्यांचा, धरून धरून चालणारा. पालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते थेट पेटीत घातलं तर माशांचे कल्ले जळतात, म्हणून नवरा आदल्या रात्री दोन बादल्या भरून ठेवायचा. रात्रभर उघडं राहिलं की क्लोरीन उडून जातं. मासे पाळणारी अर्धी मुंबई हेच करते. बादल्या मोरीच्या कठड्याशी, जमिनीवर. त्या सकाळी गॅसवाला आला. मी दारात पैसे मोजत होते. किती वेळ? शंभराच्या नोटा मोजायला लागतो तेवढा.

मागून काहीच आवाज आला नाही, हे मला अजून आठवतं. लहान मूल बुडताना ओरडत नाही, हातपाय आपटून घर डोक्यावर घेत नाही. त्या वयात डोकं शरीराच्या मानाने जड असतं. बादलीत वाकून बघताना तोल गेला की डोकं खाली, पाय वर, आणि हातांत स्वतःला उचलून बाहेर काढायची ताकद नसते. दोन-तीन इंच पाणीही पुरतं. सासूबाई देवपूजा करत होत्या, त्यांना बाजूला काहीतरी फार शांत वाटलं म्हणून त्यांनी मान वळवली. पायाला धरून ओढून काढला त्यांनी. तो खोकला, ओकला, मग रडला. ते रडणं ऐकून मी गॅसवाल्याच्या समोर खाली बसले.

त्यानंतर आमच्याकडे रात्रीची बादली बंद झाली. हायपोचे खडे मिळतात पाळायच्या माशांच्या दुकानात, अगदी स्वस्त. योग्य प्रमाणात विरघळवले की क्लोरीन तिथल्या तिथे मरतं, पाणी शिळं करायची गरज नाही. ज्यांना शिळंच हवं त्यांनी झाकणाचं पिंप वापरावं किंवा बादली बाथरूममध्ये ठेवून बाहेरून कडी लावावी. आणि पाणी बदलताना बेल वाजली तर वाजू दे. गॅसवाला परत येतो.

आता बोर्ड. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट येतात. टाकीत फिल्टर, हवेची मोटर, दिवा, कोणाकडे हीटर. पाणी वायरवरून ओघळत खाली येतं, थेंब थेंब, आणि वायर जिथे जाते तिथेच जातं. बोर्ड खाली असेल तर ते बोर्डात. म्हणून बोर्ड भिंतीवर, टाकीच्या बाजूला हवा. आणि वायर आधी सॉकेटच्या खाली लोंबून मग वर चढली पाहिजे, म्हणजे थेंब त्या लोंबत्या पोटातून जमिनीवर गळतो. याला एक पैसाही लागत नाही. पैसे लागतात ते आरसीसीबीला, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचला. लोक मला अभिमानाने सांगतात, 'आमच्याकडे एमसीबी आहे.' एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की पडणारा स्विच, वायरिंग वाचवतो, माणूस नाही. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी वीज अंगातून किंवा पाण्यातून गळायला लागली की क्षणात बंद करतो. जुन्या बिल्डिंगींत तो बहुधा नसतोच, कधी अर्थिंगही नावालाच असतं. ज्यांच्याकडे या दोन्ही गोष्टी नाहीत त्यांनी टाकी घेण्याआधी वायरमन बोलवावा, मासे महिनाभर थांबतील. पाण्यात हात घालायच्या आधी सगळे प्लग काढायचे, बटणं बंद करून भागत नाही. घरात कोणी तरी 'दिवा का बंद आहे' म्हणून बटण दाबतंच. आमच्याकडे दाबलंय.

हीटरबद्दल माझं मत दुकानदारांना आवडणार नाही. मुंबईच्या हवेत बहुतेक माशांना वर्षाचा बराचसा काळ हीटर लागत नाही, गोल्डफिशला तर नाहीच नाही. मग काचेची, तापणारी, पाण्याबाहेर राहिली तर तडकणारी वस्तू पोराच्या हाताजवळ कशाला?

आणखी एक सल्ला सगळे देतात तो मला पटत नाही: 'टाकी उंच ठेवा, मुलांचा हात पोचत नाही.' हात पोचत नाही म्हणून मूल खुर्ची ओढतं, ड्रॉवर उघडून त्यांच्या पायऱ्या करतं. मी स्वतः केलंय. लहानपणी बाबा चर्नी रोडला उतरून आम्हाला तारापोरवाला मत्स्यालयात न्यायचे (१९५१ सालचं ते), तिथे मला दिसायचं नाही म्हणून मी बाबांच्या बुटावर चढून उभी राहायचे. मुलाला मासे बघायचे असतात, इतकंच. त्याला जमिनीवरून दिसले की तो चढत नाही. स्टँड अडीच फुटांचा, वर दीड फुटाची टाकी. दोन वर्षांच्या मुलाचे डोळे काचेपर्यंत येतात आणि वरच्या काठापर्यंत हात जात नाही. स्टँडला ड्रॉवर किंवा आडव्या पट्ट्या नकोत, आणि मागून एल पट्टी मारून भिंतीत स्क्रू. उंच आणि अरुंद टाक्या दिसायला झकास असतात. लहान मूल असलेल्या घरात मी त्या घेणार नाही.

माशांच्या औषधांच्या बाटल्या हा आमच्या घरातला लाजिरवाणा भाग. मिथिलीन ब्लू, मॅलाकाइट ग्रीन, फॉर्मेलिन असलेली औषधं. नवऱ्याने एकदा निळं औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून स्टँडच्या खालच्या खणात ठेवलं होतं. पोराला कोल्ड्रिंकची बाटली ओळखता येते, लेबल वाचता येत नाही. आता सगळं मूळ बाटलीत, कुलपात. आणि हल्ली काचेला चिकटवायचे छोटे डिजिटल थर्मामीटर येतात. त्यांत बटणासारखा सेल असतो. तो मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला लागतं. उलटी करवत बसायचं नाही, केळं भरवायचं नाही, सरळ हॉस्पिटल आणि एक्स-रे. ज्या थर्मामीटरच्या सेलच्या झाकणाला स्क्रू नाही तो घरात नको.

बोक्याकडे येते, कारण त्या फोटोतला बोका खरं तर माशांसाठी बसलाच नव्हता. दिव्याने झाकण कोमट होतं, तो ऊब खात होता. पण चार-पाच किलोचं जनावर प्लास्टिकच्या हलक्या झाकणावर रोज बसलं की एक दिवस झाकण, दिवा आणि बोका तिघेही पाण्यात. दिवा पाण्यात जाण्याचा अर्थ वर लिहिलाच आहे. घट्ट बसणारं, क्लिपचं झाकण घ्या, आणि बोक्याला दुसरीकडे उबदार जागा करून द्या, तो तुमच्या टाकीवर प्रेम म्हणून बसत नाही. कुत्र्यांचं वेगळं. त्यांना टाकीतलं पाणी प्यायला आवडतं, आणि त्यात तांबं (कॉपर) असलेलं माशांचं औषध घातलेलं असेल तर ते त्यांच्या पोटात. पिल्लू असेल तर वायरी चावणार हे धरूनच चाला.

उलट दिशेचा धोकाही आहे, तो कोणी सांगत नाही. कुत्र्याच्या मानेवर गोचिडांचं औषध लावलं आणि तोच हात टाकीत घातला, की संध्याकाळी मासे उताणे. परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं कुत्र्याचं औषध मांजरालाही विष आहे. पेस्ट कंट्रोलवाला येणार असेल त्या दिवशी टाकी झाकून हवेची मोटर बंद करायची, कारण ती मोटर खोलीतली हवा ओढून पाण्यातच सोडते. पुरेसा वेळ खिडक्या उघड्या ठेवल्या की लगेच चालू. मासे जास्त वेळ थांबू शकत नाहीत.

गोल काचेच्या बाऊलबद्दल मी एकच ओळ लिहिते: टीपॉयवर ठेवलेला बाऊल आणि लॅब्राडोरची शेपूट एका घरात नांदत नाहीत, आणि त्यातला मासा तसाही सुखात नसतो.

बरं, मासा पाळतो तो माणूस कासवही आणतो. इवलंसं हिरवं, तळहातावर मावणारं, 'वास्तूला चांगलं' म्हणून. अमेरिकेत चार इंचांपेक्षा लहान कासवं विकायला १९७५ पासून बंदी आहे, कारण मुलं ती हाताळायची, तोंडात घालायची आणि साल्मोनेला या जंतूने आजारी पडायची. टाकीच्या पाण्यातही तो असू शकतो. म्हणून नळी तोंडाने ओढून पाणी काढायचं नाही (हे नवऱ्याला समजवायला मला अकरा वर्षं लागली), फिल्टरचा स्पंज स्वयंपाकाच्या सिंकमध्ये धुवायचा नाही, हाताला कापलं असेल तर पाण्यात हात नाही, आणि मुलांचे हात साबणाने. मुलांना खाणं घालू द्या जरूर, पण डबा तुमच्या हातात. आमच्या नातीने एकदा अख्खा डबा ओतून 'जेवले' म्हणून टाळ्या वाजवल्या होत्या. रात्री अकरा वाजता पाणी बदलत बसलो.

चौथ्या मजल्यावरच्या मुलीने त्याच संध्याकाळी मला दुसरा फोटो पाठवला. बोर्ड भिंतीवर, बादली नाही. बोका सेट-टॉप बॉक्सवर बसलाय, तिथेही ऊब असते.

आमच्या घरी आजही पाणी बदलून झालं की बादली पालथी घालायची पद्धत आहे. मुलगा आता सहा फुटांचा आहे, न सांगता तोही घालतो. का घालतो, ते आज ही पोस्ट वाचली तर त्याला कळेल.