खुलासा : रडणाऱ्या बाळाला गदागदा हलवणे सुरक्षित नाही

‘मारत नाही, नुसतं हलवतो, त्याने बाळाला काही होत नाही’, असा सल्ला सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे आणि जिवावर बेतू शकतो.

तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड असते आणि मान कमकुवत. झटक्यांनी मेंदू कवटीत आत हिंदकळतो, त्याच्यावरच्या बारीक शिरा तुटतात, रक्तस्राव होतो. डोळ्यांच्या पडद्यावरही रक्त साकळू शकते. बाहेरून मात्र अनेकदा एक ओरखडाही दिसत नाही, म्हणून हा गैरसमज टिकतो. (मांडीवर हलकेच झुलवल्याने अशी इजा होत नाही.)

रडणे साधारण दुसऱ्या आठवड्यापासून वाढते, दुसऱ्या महिन्यात शिगेला पोचते आणि तीन ते पाच महिन्यांत ओसरते. भूक, ओले लंगोट, ताप, बोटाला गुंडाळलेला केस हे तपासा. तीन महिन्यांखालील बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल तर लगेच डॉक्टरांकडे न्या. सगळे ठीक असूनही रडे थांबत नसेल आणि तुमचा संयम सुटत असेल, तर बाळाला मोकळ्या पाळण्यात पाठीवर ठेवा, खोलीबाहेर जा, पाच-दहा मिनिटांनी पाहून या. ही हेळसांड नव्हे.

शेजाऱ्यांनो, अशा घरी सल्ला नको, तासभर बाळ सांभाळा. आईबापांना झोपू द्या.

बाळाला हलवले गेले असेल आणि उलट्या, सुस्ती, झटके किंवा श्वासाचा त्रास दिसला, तर ताबडतोब रुग्णालय गाठा. लक्षणे नसली तरी दाखवा. काय घडले ते डॉक्टरांना खरे सांगा. लपवल्यास उपचार चुकतात.