कोळसा सोडून दगड चोरणारा माणूस

चंद्रपूरहून घुग्गुसकडे जाताना रस्त्याच्या बाजूला जे डोंगर दिसतात ना, ते डोंगर नाहीत. खुल्या खाणीतून कोळसा काढायच्या आधी वरची जी माती न् दगडं उपसून टाकतात, त्याचे ढीग आहेत ते. आमच्याकडे त्याला ओबी म्हणतात. ओबीकडे कुत्रंसुद्धा ढुंकून बघत नाही. मी बघतो.

कारण त्यात ग्लॉसोप्टेरिस नावाच्या, आता नामशेष झालेल्या झाडाची पानं सापडतात, दगडात छापलेली. २५ कोटी वर्षांहून जुनी, म्हणजे डायनोसॉरच्याही आधीची. पावसाळा संपला की माती धुऊन जाते आणि राखाडी शेलच्या, म्हणजे गाळाच्या दगडाच्या, चिपा वर येतात, म्हणून ऑक्टोबरच्या उन्हात डोक्याला दुपट्टा बांधून, छिन्नी-हातोडी घेऊन मी ढिगाच्या पायथ्याशी उकिडवा बसलेलो. शेल पाटीसारखा पापुद्र्या-पापुद्र्यानं सुटतो. चाळीसेक चिपा फोडल्या, काहीच नाही, कंबर गेली, आणि मग एक टचकन उघडली. वीतभर पान! मधली शीर जाड, दोन्हीकडं जाळीसारख्या बारीक शिरा, वर काळा पातळ थर, जसं काही काल पडलंय.

तेवढ्यात मागून आवाज आला, "काय करून राहिले जी भाऊ?"

सिक्युरिटी गार्ड. मला परवानगी होती, पण तोंडी, आणि तोंडी परवानगी खिशातून काढून दाखवता येत नाही. त्यानं बॅग उघडायला लावली. पेपरात गुंडाळलेले पुडके एकेक करून सोडले. दगड. दगड. दगड. त्याचा चेहरा पडला हो, कोळसा निघाला असता तर त्याला काय करायचं ते माहीत होतं.

"कोळशाच्या खाणीत येऊन गोटे चोरून राहिले तुम्ही?"

मी पान दाखवलं. तो म्हणाला, "हे तं आंब्याचं पान आहे." म्हटलं भाऊ, तेव्हा आंबा कुठला, पृथ्वीवर फूलच उगवलेलं नव्हतं. "मंग इतकी वर्षं सडलं कसं नाही?" आता हा प्रश्न आमच्या घरात आजवर कोणी विचारला नव्हता, त्यामुळे मी भरात आलो. दलदल होती, पानं पाण्यात पडली, गाळाखाली दबली, हवा लागली नाही, जिथं झाडपाल्याचे थरावर थर साचले त्याचा कोळसा झाला, जिथं गाळात एखाददुसरं पान अडकलं तिथं हा असा छाप राहिला. म्हणजे तुमची ड्युटी पण याच पानांची राखण करायची आहे, असं सुद्धा बोलून गेलो. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "घरी कोणी आहे का तुमच्या?"

सोडलं. बहुतेक कीव येऊन.

बाईकवर आठ-दहा किलोची बॅग पाठीला, पट्टे खांद्यात रुतलेले, पडोली येईपर्यंत दोनदा वाटलं की निम्मे नाल्यात टाकावे. पण मग ब्रिटिश शोधप्रवासी कॅप्टन स्कॉटची तुकडी आठवली. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना उपाशी, गारठलेले, मरायला टेकलेले, तरी १६ किलो दगड काही टाकले नाहीत, आणि त्या दगडांतही ग्लॉसोप्टेरिसचीच पानं निघाली. तेव्हा अंटार्क्टिका आणि आपण एकाच खंडात होतो, ज्याला आपल्या गोंडवनावरून गोंडवाना हे नाव मिळालं. स्कॉटला मात्र पडोलीचं ट्रॅफिक नव्हतं.

घरी आलो, दगड अंगणात ठेवले न् आंघोळीला गेलो. तिथंच चुकलं.

बाहेर आलो तर आई नळाखाली बसलेली, एका हातात तारेची घासणी, दुसऱ्या हातात वीतभर पानाची चीप. चीप लख्ख. राखाडी, गुळगुळीत, नुसती फरशी.

"अगं आई!"

"किती घाण लागली होती बाप्पा याले, काळं काही निघता निघेना," ती घाम पुसत म्हणाली. "आता कसं छान झालं. लोणच्यावर दाबाले ठेवते."

मला बोलताच येईना. तिनं चीप उलटी केली, डोळे बारीक करून पाहिलं.

"मांगच्या बाजूनं पण आहेच का हे!" आणि पुन्हा घासणी उचलली.