अडतीस सूत

माझ्या टेबलाला डोअरबेलचं बटण आहे. उजव्या कडेला, काचेच्या जरा खाली, पांढरं, त्यावर छोटीशी घंटा उठवलेली. ते दाबलं की बेल वाजत नाही, माझा कम्प्यूटर सुरू होतो. सुरू असताना दाबलं की बंद होतो. हा दुसरा गुण आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक लहान मुलानं, आणि एकदा चुलत सासऱ्यांनी, आपापला शोधून काढलेला आहे.

आमच्या दहा बाय अकराच्या खोलीत दोन कम्प्यूटर होते. एक माझा, त्यावर मी घरून नोकरी करतो. दुसरा चिरंजीवांचा, त्यावर तो अभ्यास करतो असं आम्ही पाहुण्यांना सांगतो. दोन्ही डबडी टेबलाखाली, आणि मागे वायरींचा असा गुंता की केर काढणाऱ्या मावशींनी त्या कोपऱ्याशी संबंधच तोडले होते. "तिथं मी झाडू घालणार न्हाई. मागं घातला तर दादांची मीटिंग गेली," असं त्यांनी बायकोला स्वच्छ सांगितलं होतं. शहाण्या माणसानं यावर वायरी बांधायचे पट्टे आणले असते. मी टेबल बांधायचं ठरवलं. डबडी फेकून द्यायची, आतला ऐवज थेट टेबलाच्या पोटात बसवायचा, वर काच टाकायची. वायर म्हणून दिसणार नाही.

बायकोला पटवायला मी इतिहासापासून सुरुवात केली. टेबलात कम्प्यूटर ही माझी कल्पना नव्हेच. तैवानच्या लियान ली कंपनीनं तशी तयार टेबलं काढलेली आहेत (किंमत रुपयांत करून मी तिला सांगितली नाही). 1963 साली आयआयटी कानपूरला आयबीएम 1620 आला, तोही टेबलासारखाच होता, वर टाइपरायटर. त्याच्याही आधी, 1956 साली, अमेरिकेत एलजीपी-30 नावाचा कम्प्यूटर निघाला, अगदी टेबलाएवढा, वजन साडेतीनशे किलोच्या घरात.

"आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो," एवढंच ती म्हणाली आणि कुकर बघायला उठली. याला मी होकार धरलं.

मिस्त्री मूळचा नागौरकडचा, पण वीस वर्षं पुण्यात. मराठी माझ्यापेक्षा नीट बोलतो आणि भाव करताना तर फारच नीट. मी त्याच्यासमोर ग्राफ पेपर पसरला. त्यावर दोन रात्री जागून काढलेलं चित्र होतं, सगळी मापं मिलिमीटरमध्ये. त्यानं ते आधी उलटं धरलं, मग सुलटं धरलं आणि मधल्या एका रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं.

"हा खण कशाला?"

"पुढेमागे काही वाढवायचं झालं तर."

"देवघर?"

"नाही हो. कम्प्यूटरचंच काहीतरी."

"काच आहे, लाइट आहे, आत खण आहे. मला वाटलं देवघर."

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात आम्ही दोघं त्याच्या स्कूटरवरून गेलो. आयएस 303 चा, म्हणजे त्या क्रमांकाच्या भारतीय मानकाचा, साधा प्लाय स्वस्त होता. त्यानं 710 चाच घ्यायला लावला, तोच जो पाण्यात टिकतो. मी म्हटलं, मिस्त्री, कम्प्यूटरवर मी पाणी ओतणार नाहीये. "फरशी पुसायला पाणी लागतं की नाही?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आठ बाय चारचे 18 एमएमचे तीन शीट, मागच्या बाजूला एक सहा एमएमचा, कडांना सागवानाची पट्टी, चार टेलिस्कोपिक चॅनल. बिल बघून मला डबड्यांविषयी एकदम माया वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी खरी लढाई सुरू झाली. ज्यांनी घरात सुतारकाम काढलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, सुताराच्या टेपला मिलिमीटरची बाजू असते, पण ती कंपनीनं शोभेसाठी छापलेली असते. त्याचा सगळा हिशेब इंच आणि सुतात. एका इंचात आठ सूत. 18 एमएमच्या प्लायला तो सहा सूत म्हणत होता. मी गणित केलं. सहा सूत म्हणजे एकोणीस मिलिमीटर.

"मिस्त्री, मधला एक मिलिमीटर कुठं गेला?"

"तो फेविकॉलमध्ये जातो," तो शांतपणे म्हणाला.

मी त्याला समजावलं की हे कपाट नव्हे. मदरबोर्ड म्हणजे कम्प्यूटरचा मुख्य बोर्ड, त्याचं माप जगभर ठरलेलं आहे, 305 मिलिमीटर बाय 244, तिथं फेविकॉल चालत नाही. त्यानं डोळे मिटले. "बारा इंच. आणि नऊ इंच पाच सूत. सरळ माप आहे की. हे कुणीतरी इंचवाल्यानंच काढलंय, तुम्ही उगाच त्याचं मिलिमीटर करताय." त्या रात्री सगळे झोपल्यावर मी इंटेलचं मूळ मानक शोधून उघडलं, 1995 सालचं. त्यात लिहिलं होतं, 12 इंच बाय 9.6 इंच. हे मी मिस्त्रीला आजतागायत सांगितलेलं नाही.

आता पंख्यांचं ऐका. कम्प्यूटरच्या आतले पंखे 120 मिलिमीटरचे असतात. मिस्त्रीनं क्षणात सांगितलं, "पावणेपाच इंच. अडतीस सूत." मी चाट पडलो. त्याच आदराच्या भरात मी त्याला चित्र न दाखवता नुसता पंखा हातात दिला आणि चहा करायला आत गेलो. पंखा चौकोनी असतो, वारा मात्र मधल्या गोलातून जातो आणि चार कोपऱ्यांवर स्क्रू बसतात, हे सांगायचं राहिलं. चहा घेऊन आलो तर प्लायमध्ये चार सुबक चौकोनी खिडक्या तयार, कोपरे काटकोनात, आतून पॉलिश पेपरसुद्धा मारलेला. मी एक पंखा त्यात बसवला. तो आत जाऊन पलीकडून खाली पडला. दुसराही पडला. मिस्त्रीनं चारही पडू दिले आणि म्हणाला, "बघा, माप बरोबर आहे."

चूक माझी होती. त्यानं आतून सागवानाच्या पट्ट्यांच्या चौकटी मारून दिल्या, त्याचे पैसे वेगळे.

त्यानंतर मी त्याच्या शेजारून हललो नाही. म्हणूनच तो पुढचा प्रसंग डोळ्यांदेखत घडला. बोर्डाची भोकं प्लायवर उतरवायची होती. मी कागदाचा साचा कापत होतो, तेवढ्यात मिस्त्रीनं बोर्डच उचलला, प्लायवर आडवा टाकला, कानावरची पेन्सिल काढली आणि भोकात घालून गोल फिरवायला सुरुवात केली. पेन्सिलीच्या शिशातून वीज वाहते. त्याचा भुगा बोर्डाच्या बारीक रेषांवर पडला तर काय होईल या विचारानं मी जो ओरडलो, तो खालच्या मजल्यावरचे काका वर बघायला आले. मिस्त्रीनं दोन्ही हात वर केले, पोलिसानं पकडल्यासारखे. मी बोर्ड छातीशी धरून उभा. आई दारात. "लागलं का रे कुणाला?" काकांनी एकवार सगळीकडे बघून घेतलं आणि "काय, देवघर का?" असं विचारून ते खाली गेले.

दहा दिवसांचं काम सत्तावीस दिवस चाललं. मधे अमावास्या आली, त्या दिवशी मिस्त्री हत्यार धरत नाही. मधे गावाकडचं लग्न आलं. भुसा पंख्यावर, पुस्तकांवर, देवांवर बसला. एका सकाळी आईनं पोह्यांची तारीफ केली, "आज खोबरं अगदी सढळ हातानं घातलंय." बायकोनं खोबरं घातलेलं नव्हतं. पण आमचं सूत या दिवसांत चांगलं जमलं. त्यानं मला रंधा धरायला शिकवलं, मी त्याच्या मुलाचा आयटीआयचा फॉर्म भरून दिला.

बेलचं बटण ही त्याचीच देणगी. कम्प्यूटर सुरू करायचं बटण म्हणजे काही मोठं यंत्र नसतं. बोर्डावर दोन पिना असतात, त्या क्षणभर एकमेकींना जोडल्या की झालं. मी त्यासाठी निळा दिवा असलेलं धातूचं बटण ऑनलाइन मागवलं होतं, ते यायला आठवडा होता. मिस्त्रीनं पिशवी उपसून हे पांढरं काढलं. "दाबलं की जोडतं, सोडलं की सुटतं. बेलचं आहे, पण वायरला काय कळतंय?" तत्त्वतः बिनचूक. दोन स्क्रू मारून त्यानं ते बसवूनही टाकलं. चुलत सासरे आले त्या दिवशी मी कामात होतो, कानाला हेडफोन, समोर सात माणसं आणि माझा बोलायचा नंबर. त्यांना चहा हवा होता. घरात हाक मारायला बेलची सोय केलेली बघून त्यांना फार कौतुक वाटलं.

काचेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण अजून दुखतं. पाच फूट बाय अडीच फूट, आठ एमएम, टफन केलेली. वजन तेवीस किलो. दोन माणसांनी जिना चढवून आणली, टेबलावर ठेवली, सूतभरही इकडेतिकडे नाही. सगळे गप्प झाले, इतकी देखणी. मग मी मॉनिटर ठेवला आणि त्याची वायर हातात घेऊन उभा राहिलो. काचेला भोक सांगायचं राहिलं होतं. दुकानात फोन केला. "टफन झाल्यावर भोक पडत नाही साहेब, चुरा पडतो. भोक आधी पाडायचं असतं." म्हणजे ज्या वायरी झाकायला हा सगळा खटाटोप, त्या मॉनिटरपासून काचेवरून सरपटत मागच्या कडेवरून खाली उतरतात, चांगल्या दिसतील अशा. शिवाय त्यांना जागा म्हणून टेबल भिंतीपासून दोन इंच पुढे ओढावं लागलं. त्या फटीत आजवर सहा पेनं, माझा वाचायचा चष्मा आणि आईची जपमाळ गेलेली आहे. टेबल पुन्हा हलवायला चार माणसं लागतात, त्यामुळे आईनं दुसरी माळ आणली.

एप्रिलमध्ये टेबल तापायला लागलं. चिरंजीव गेम लावत आणि वीस मिनिटांत काचेवर हात ठेववत नसे. प्रोसेसर शंभर अंशांना टेकला की जीव वाचवायला आपला वेग कमी करतो, तसा तो करत होता, आणि चिरंजीव "लॅग होतंय" म्हणून माझ्या नावानं ओरडत होते. लाकूड उष्णता बाहेर सोडत नाही, हे मला ठाऊक होतं, म्हणून तर पंखे होते. मी मिस्त्रीला फोन लावला. त्यानं पंख्यापुढे अगरबत्ती धरायला सांगितली. एकेक करून धरली. चारही पंख्यांनी धूर आत ओढून घेतला. पंख्यांची तोंडं मीच लावलेली होती. सोसायटीच्या मीटिंगसारखं झालं होतं, आत सगळे येत होते, बाहेर काही पडत नव्हतं.

संध्याकाळी मिस्त्री स्वतः आला. दोन पंखे उलटे फिरवले, खाली स्कर्टिंगला जाळी कापली आणि वरच्या अंगाला त्या मधल्या रिकाम्या खणातून वाट काढून बाहेर आणखी एक जाळी बसवली. "कांदेबटाट्याच्या ट्रॉलीला जाळी का ठेवतात? खालून हवा आली आणि वरून गेली की कांदा सडत नाही. मी पहिल्याच दिवशी म्हणणार होतो, पण तुमचं चित्र तयार होतं." तापमान पंचवीस अंशांनी उतरलं. पैसे त्यानं घेतले नाहीत, आंब्याचं पन्हं घेतलं.

गणपतीत दर्शनाला आलेल्यांपैकी निम्म्यांनी आधी माझ्या टेबलाला नमस्कार केला. चिरंजीवांनी आत रंग बदलणारे दिवे लावलेले आहेत, त्यांचा दोष नाही.

मग थंडी पडली. पुण्यात रात्री पारा दहापर्यंत उतरतो तेव्हा विरजण लागत नाही. आई पातेलं टॉवेलात गुंडाळून कणकेच्या डब्यात ठेवायची, तरी सकाळी दूध ते दूधच. एका रात्री पाणी प्यायला उठली आणि टेबलाशी थांबली. मधल्या खणात हात घातला. "अरे, इथं छान ऊब आहे रे." चिरंजीवांचा सगळा गरम वारा त्याच वाटेनं बाहेर जातो. दुसऱ्या दिवशी दही असं लागलं की वाटी उपडी केली तरी हलेना. तेव्हापासून तो खण आईचा. पातेलं त्यात इतकं चपखल बसतं की मिस्त्रीला पहिल्याच दिवशी कळलं असावं.

माझ्या कम्प्यूटरवर दही लागत नाही, ते आम्ही करून पाहिलं. एक्सेलला तेवढी ऊब नाही.

जानेवारीत चिरंजीवांची दहावीची प्रीलिम आली आणि बायकोनं गेम बंद केले. पाच दिवस ताकाविना जेवणं झाली. सहाव्या रात्री मी फाइल बंद करत होतो, शेजारी तो भूमितीची प्रमेयं पाठ करत बसला होता. आई दबक्या पावलांनी आली, स्वयंपाकघराकडे एकदा वळून बघितलं, हातातलं पातेलं खणात सरकवलं आणि त्याच्या कानाशी वाकली.

"दोन तास तरी खेळ की रे. दूध कोमट झालंय."